लांडग्याची शेपटी आणि खरी पहाट

रमजानच्या वेळापत्रकात रोज दोन वेळा छापलेल्या असतात, सहरी संपण्याची आणि इफ्तारची. इफ्तारची वेळ कुणालाही कळते, सूर्य मावळला की रोजा सुटतो. सहरीची वेळ मात्र कुठून येते, हे विचारलं तर बरेच जण मशिदीच्या भोंग्याकडे किंवा मोबाइलकडे बोट दाखवतात. खरं तर ती आकाशातून येते. पहाटेचा पहिला पांढरा उजेड क्षितिजावर पसरला की खाणंपिणं थांबवायचं, असा नियम आहे. कुरआनात त्यासाठी पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा ओळखू येण्याचा दाखला आहे. अदी बिन हातिम नावाच्या सहाबींनी तो शब्दशः घेतला आणि उशीखाली खरेखुरे दोन धागे ठेवले. पैगंबर साहेबांनी त्यांना समजावलं की हे धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड.

यात एक अडचण आहे. पहाट होण्याआधीही पूर्वेला एक उजेड दिसतो. तो खोटा असतो.

अरबीत त्याला 'अल-फज्र अल-काजिब' आणि आपल्याकडच्या उर्दूत 'सुबह-ए-काजिब' म्हणतात. खऱ्या पहाटेला 'सुबह-ए-सादिक'. दोन्हींतला फरक हदीसमध्ये अगदी साध्या खुणेने सांगितला आहे. लांडग्याच्या शेपटीसारखा उभा, वर निमुळता होत गेलेला उजेड दिसला तर जेवण चालू ठेवायला हरकत नाही. क्षितिजाला धरून आडवा पसरणारा उजेड दिसला की थांबायचं. मदिनेत त्या काळी दोन अजान होत. हजरत बिलाल रात्र असतानाच अजान देत, लोकांना उठवायला. इब्न उम्मे मकतूम यांची अजान झाली की सहरी संपे. ते अंध होते. पहाट झाली असं लोकांनी सांगितल्यावरच ते अजान देत. म्हणजे ज्यांच्या आवाजावर सगळं गाव जेवण थांबवी, ते इतरांच्या डोळ्यांवर विसंबून होते. आकाश पाहणं तेव्हा सगळ्यांचं काम होतं, ते असं.

हा खोटा उजेड म्हणजे काय, हे युरोपातल्या शास्त्रज्ञांना सतराव्या शतकात कळू लागलं. जोव्हान्नी कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने १६८३मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. इंग्रजीत त्याला झोडिॲकल लाइट म्हणतात. मराठीत राशिचक्र प्रकाश म्हणू या, कारण तो सूर्य, चंद्र आणि ग्रह ज्या वाटेने फिरतात त्या राशींच्या पट्ट्यातच दिसतो. पण आपण शोधलेली ही गोष्ट पूर्वेकडच्या लोकांना हजार वर्षं आधीपासून ठाऊक आहे, हे तिकडे कळायला बराच काळ गेला. तुर्की भाषेचे अभ्यासक जेम्स रेडहाउस यांनी १८७८मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून सुबह-ए-काजिब आणि झोडिॲकल लाइट एकच असल्याचं मांडलं. रोजाच्या नियमामुळे लाखो साध्या माणसांना जे दरवर्षी पाहावं लागत होतं, त्याची नोंद विद्वानांनी इतक्या उशिरा घ्यावी, याची मला गंमत वाटते.

उजेड येतो धुळीतून. सूर्याभोवती ग्रह ज्या पातळीत फिरतात, त्या पातळीत बारीक धुळीची एक विरळ चकती आहे. विरळ म्हणजे किती? एक हिशेब असा सांगतात की सगळे कण मिलिमीटरभर आकाराचे मानले, तर दोन कणांमध्ये सुमारे ८ किलोमीटर अंतर असलं तरी एवढा उजेड पडेल. गोंडपिपरीच्या बसस्टँडवर एक कण आणि दुसरा चार गावं सोडून. तरीही अब्जावधी किलोमीटरच्या पसाऱ्यात सूर्यप्रकाश त्यांच्यावरून परावर्तित होतो आणि आपल्याला मंद सुळका दिसतो. ही धूळ हळूहळू सूर्याकडे ओढली जाते, म्हणजे तिचा पुरवठाही सतत होत असणार. बहुतेक शास्त्रज्ञ तो धूमकेतूंकडून आणि लघुग्रहांच्या टकरींतून होतो असं मानतात. गुरूकडे जाताना जुनो यानाला वाटेत जे धुळीचे मारे लागले, त्यावरून २०२१मध्ये काहींनी मंगळाकडेही बोट दाखवलं. वाद मिटलेला नाही. 'क्वीन' या प्रसिद्ध बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची पीएचडी याच धुळीवर आहे. गाण्यापायी अर्धवट राहिलेला प्रबंध त्यांनी तीस वर्षांनी, २००७मध्ये पूर्ण केला.

आता मुद्द्याकडे. हा उजेड आपल्या भागातून दिसतो का, आणि त्याचा फोटो निघतो का? दोन्हींचं उत्तर हो आहे. किंबहुना आपण भाग्याच्या पट्ट्यात राहतो. लंडन-पॅरिसच्या लोकांना ठरावीक महिनेच हा सुळका नीट दिसतो. इतर वेळी तो क्षितिजाला इतका टेकलेला असतो की हवेतच विरतो. गोंडपिपरी विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेएकोणीस अंशांवर आहे. इथे तो वर्षभर बऱ्यापैकी उभा असतो.

यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला, तेव्हा पहाटेचं आकाश पहिले आठ-दहा दिवस अंधारं होतं, कारण शुक्ल पक्षातला चंद्र सहरीआधीच मावळतो. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. सहरी सव्वापाचच्या आसपास संपते. त्याआधीचा तासभर, म्हणजे सव्वाचार ते पाच, ही खोट्या पहाटेची वेळ. या दिवसांत पहाटेचा सुळका थोडा उजवीकडे, दक्षिणेकडे कललेला असतो आणि वर जाऊन धनु राशीतल्या आकाशगंगेत मिसळतो. म्हणून नवख्या माणसाची फसगत होते, त्याला सगळंच आकाशगंगा वाटतं.

संध्याकाळी याच्या उलट. फाल्गुन-चैत्रात सूर्य मावळल्यावर पश्चिमेला हाच उजेड जवळजवळ काटकोनात उभा राहतो. होळीच्या पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी चंद्र उशिरा उगवू लागला की पाडव्यापर्यंत संध्याकाळ काळोखी मिळते. इफ्तार झाली, मगरिबची नमाज झाली, आणि तरावीहला अजून अवकाश आहे, असा साडेसात ते सव्वाआठचा वेळ. पश्चिम क्षितिजापासून कृत्तिकांच्या झुबक्याकडे आणि तिथून पुढे मिथुनेत चमकणाऱ्या गुरूकडे नजर नेली की त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दुधट सुळका जाणवतो. खाली रुंद, वर निमुळता. ज्यांच्या घरी रमजान नाही, त्यांनाही जेवणाआधी गच्चीवर जाऊन पाहता येईल अशी ही वेळ आहे. पहाटे उठायला नको.

मात्र पश्चिमेला एक अडचण आहे. गोंडपिपरीतून वायव्येकडे पाहिलं की चंद्रपूर-बल्लारपूरचा उजेडाचा घुमट दिसतो. २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र, कागद कारखाना, कोळसा खाणी, सगळं त्याच दिशेला. पश्चिमेकडे राजुरा, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांचे दिवे. पूर्वेची बाजू त्यामानाने काळी आहे. वैनगंगेपलीकडे आष्टी, कोनसरीच्या दिव्यांचा पट्टा सोडला तर पुढे मुलचेरा, एटापल्लीचं रान. म्हणून सुळका जरी संध्याकाळी सरळ उभा असला, तरी फोटोला पहाट बरी.

कारखान्याचा उजेड आणि आकाशाचा उजेड यांत घोटाळा होऊ नये म्हणून एक सोपी परीक्षा आहे. एकाच जागेवरून अर्ध्या तासाच्या अंतराने दोन फोटो काढा. गावाचा उजेड तिथेच राहतो, झाडाच्या त्याच फांदीमागे. राशिचक्र प्रकाश ताऱ्यांबरोबर सरकतो. शिवाय गावाचा उजेड पिवळट किंवा एलईडीचा निळसर असतो आणि थेट जमिनीला लागून सगळ्यांत दाट असतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. साधा डीएसएलआर पुरतो, तिपाई मात्र हवीच. १४ ते २४ मिलिमीटरची रुंद लेन्स, छिद्र जेवढं उघडेल तेवढं, एफ २.८ असेल तर उत्तम. आयएसओ ३२०० आणि १५ ते २० सेकंद. त्याहून जास्त वेळ ठेवलात तर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. ऑटोफोकस बंद करून स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करायचा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग हाताने फिरवायची. फोटो रॉ स्वरूपात ठेवावा आणि रंगाचं तापमान ४००० केल्विनच्या आसपास. अलीकडच्या काही मोबाइलमध्येही रात्रीच्या आकाशासाठी वेगळी सोय असते. फोन विटेला टेकवून ठेवला आणि दोन-चार मिनिटं हलवला नाही तर सुळका उमटतो. कॅमेऱ्याच्या मोठ्या स्क्रीनचा उजेड डोळ्यांना अंधारातून बाहेर काढतो, म्हणून ती मंद करावी. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका क्षणाच्या टॉर्चने ती वाया जातात.

हे फोटो काढणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. नुसता सुंदर फोटो काढू नका, जोडी काढा. कॅमेरा पूर्वेला रोखून जागेवर पक्का ठेवायचा, सगळी सेटिंग तीच ठेवायची आणि पावणेपाचपासून पावणेसहापर्यंत दर पाच मिनिटांनी एक फोटो. पहिल्या काही फोटोंत उभी शेपटी दिसेल. मग एका फोटोत तिच्या बुडाशी क्षितिजाला लागून पांढरी आडवी पट्टी उमटेल आणि पुढच्या दोन-तीन फोटोंत ती दोन्हीकडे पसरून शेपटीला गिळून टाकेल. तांबडं फुटतं ते त्याच्याही नंतर. आपल्या मराठीत 'फटफटलं' हा शब्द आहे, तो याच पांढऱ्या पसरण्याला किती चपखल बसतो. हदीसमधली उभी-आडव्याची खूण बारा-तेरा फोटोंच्या ओळीत कुणालाही दाखवता येते, मदरशातल्या मुलांना आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनाही.

आणि या ओळीला थोडं वजनही आहे. वेळापत्रकं गणिताने तयार होतात. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना खरी पहाट धरायची, यावर जगभर मतं वेगळी आहेत. भारतात बहुतेक ठिकाणी १८ अंश धरतात, उत्तर अमेरिकेत बरीच वर्षं १५ धरले जात. आपल्या अक्षांशावर या दोहोंत तेरा-एक मिनिटांचा फरक पडतो. इंडोनेशियात सरकारी वेळापत्रक २० अंशांचं आहे. तिथल्या मुहम्मदिया या मोठ्या संघटनेने ठिकठिकाणी आकाशाचा उजेड मोजून पाहिला आणि २०२०च्या अखेरीस आपली वेळ १८ अंशांवर आणली. पहाट एकदम आठ मिनिटांनी पुढे गेली. इतक्या लवकर पहाट धरण्यामागे कधीकाळी कुणी खोट्या पहाटेलाच खरी समजलं असावं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. उलट बाजूही आहे. दिव्यांनी उजळलेल्या शहरात पहिला पांढरा उजेड दिसतच नाही. तिथे डोळ्यांवर विसंबणाऱ्याला पहाट उशिरा झाली असं वाटेल. त्यामुळे नंतर कुणी अभ्यास करायचा म्हटला तर तो चंद्रपूरच्या गच्चीवरून होणार नाही, गोंडपिपरीसारख्या ठिकाणाहूनच होईल. वेळापत्रक बदला असं हा लेख सांगत नाही, आपल्या मशिदीची जी वेळ आहे तीच पाळावी. पण ती वेळ ज्यावरून ठरली ते दृश्य गावातल्या दोन-चार माणसांनी तरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं, असं मला वाटतं.

फोटो काढताना आणखी एक गोष्ट उमटेल आणि ती पाहून कॅमेरा बिघडला असं वाटेल. आकाशाला हिरवट झाक येते, कधी तिच्यात लाटांसारखे पट्टे असतात. हा एअरग्लो, हवेची स्वतःची चमक. दिवसभर सूर्यकिरणांनी फोडलेले ऑक्सिजनचे रेणू रात्री पुन्हा जुळतात आणि साठलेली ऊर्जा उजेड म्हणून बाहेर टाकतात. हिरवा उजेड सुमारे ९५-१०० किलोमीटर उंचीवरचा, लाल त्याहून बराच वर, अडीचशे किलोमीटरच्या पलीकडचा. ध्रुवीय प्रकाशातली जी हिरवी रेघ ती हीच. ध्रुवीय प्रकाश पाहायला नॉर्वेला जावं लागतं, एअरग्लो मात्र रोज रात्री आपल्या कौलांवर असतो. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी १८६८मध्ये तो वर्णपटात पकडला. महाराष्ट्रात यावर जुना अभ्यास आहे. पुणे विद्यापीठात प्रा. चिपळोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकात रात्रीच्या आकाशाची ही चमक मोजली. कोल्हापुरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा संपूर्ण आकाश टिपणारा कॅमेरा शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून लाल आणि हिरव्या उजेडाच्या नोंदी घेत आला आहे. त्यात कधी काळे पट्टे उत्तर-दक्षिण पसरलेले दिसतात. ते वरच्या विद्युतभारित थरातले बुडबुडे असतात आणि उपग्रहांचे संदेश, जीपीएस यांच्यात ते गडबड करू शकतात. पूर्व विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयाने असा कॅमेरा बसवला तर कोल्हापूरच्या नोंदींना जोड मिळेल.

आकाशातला प्रत्येक उजेड नैसर्गिक असतो असंही नाही, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक? २ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस, आणि रमजानचा चंद्र दिसला तीच संध्याकाळ. दोन्ही घरची माणसं बाहेर असताना आकाशातून जळते गोळे रांगेने गेले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं तज्ज्ञांनी सांगितलं. त्या रात्री अनेकांनी मोबाइलवर जे टिपलं, तेच पुढे कामाला आलं.

आता एक कठीण गोष्ट. हे फोटो काढायला रानात जाऊ नका. मार्चमध्ये मोहफुलं गळू लागतात. ती वेचायला माणसं अंधारातच निघतात आणि वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या याच दिवसांत येतात. पोट भरायला जाणाऱ्याला जावं लागतं, फोटोसाठी जीव धोक्यात घालण्यात अर्थ नाही. गावाच्या कडेच्या घराची स्लॅब, शाळेची गच्ची, मशिदीचं छत, एवढं पुरे. मोहाखाली पालापाचोळा जाळल्याचा धूरही या दिवसांत क्षितिजावर साचतो, त्यामुळे पाऊस-वाऱ्यानंतरची पहाट निवडावी.

वाघामुळेच गावं उजेड मागतात, आणि ते बरोबर आहे. झाडीपट्टीचं नाटक पाहून पहाटे घरी येणाऱ्याला, रात्रीच्या विजेवर शेताला पाणी द्यायला जाणाऱ्याला, नळावर जाणाऱ्या बाईला दिवा हवा. आकाश काळं राहावं म्हणून गाव काळं ठेवा, असं सांगणं म्हणजे पोट भरलेल्याचा छंद झाला. पण इथे नागपूर जिल्ह्यातल्या पेंचने एक वाट दाखवली आहे. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलले गेले. विझवले नाहीत, आभाळाकडे तोंड असलेले दिवे काढून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. उजेड पायाखाली पडतो, जिथे साप आणि खड्डा असतो तिथे. वर जाणारा उजेड नाहीतरी कुणाच्या उपयोगाचा नव्हता, बिल मात्र त्याचंही भरावं लागत होतं. पेंचलाही वाघ आहेत, म्हणून हा दाखला आपल्याला लागू पडतो. लडाखच्या हानलेला २०२२मध्ये असंच राखीव आकाश मिळालं, आणि मे २०२४च्या सौर वादळात तिथल्या कॅमेऱ्यांनी लाल आकाश टिपलं. पण हानले हे थंड वाळवंट आहे, माणसं तुरळक. आपल्याला पेंच जवळचं.

गोंडपिपरीत नगर पंचायत आहे, आसपास ग्रामपंचायती आहेत. नवे दिवे घेतानाच टोपीचे आणि खाली तोंडाचे घेतले तर खर्च वाढत नाही. आपल्या लोकांनाही एक सांगायला हवं. रमजानमध्ये मशिदींवर माळांची रोषणाई असते आणि ती रात्रभर चालते. तरावीहनंतर ती बंद करून फक्त दारातला आणि वजूच्या जागेचा दिवा ठेवला तर सहरीच्या आधी छतावरून पूर्व दिशा दिसेल. ज्या पहाटेची वाट पाहायची तीच आपल्या माळांनी झाकायची, हे विसंगत आहे. गणपती-नवरात्रातल्या फोकसबद्दलही हेच म्हणता येईल, पण ते ज्यांचं त्यांनी म्हणावं.

नवरात्राचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. पहाटेची शेपटी सगळ्यांत सरळ आणि ठळक दिसते ती भाद्रपद-आश्विनात, पाऊस उघडल्यावर. धुतलेली हवा आणि अमावास्येच्या आगेमागची काळी पहाट. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, त्यामुळे तो आश्विनाजवळ तेहतीसेक वर्षांनी एकदा येतो. २००६मध्ये नवरात्र आणि रमजान एक-दोन दिवसांच्या अंतराने लागले होते. पुन्हा तसं २०३९च्या आसपास होईल. तोवर थांबायची गरज नाही. यंदा होळीनंतरच्या संध्याकाळी हुकल्या तर घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात पहाटे चारला पूर्वेच्या गच्चीवर जा. साडेचारपर्यंत डोळे सरावतात, आणि पाचच्या आत आडवी पट्टी उमटायला लागते.